पाचव्या वर्षाचा हिशेब

एकच लस. टायफॉइडची, हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेली टायपबार-टीसीव्ही. मलावी देशातल्या ब्लँटायर शहरात ती मुलांना टोचली, ढाक्याच्या मिरपूर भागातही टोचली. दोन्ही चाचण्या २०१८ साली सुरू झाल्या आणि दोन्हींचे लांब पल्ल्याचे निकाल २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मलावीत चार वर्षांहून जास्त काळ मुलांवर लक्ष ठेवून संरक्षण निघालं ७८ टक्के, आणि वर्षागणिक घट जेमतेम सव्वा टक्क्याची. ढाक्यात पहिल्या दीड वर्षात ८५ टक्के होतं, ते तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या टप्प्यात ५० वर उतरलं.

कुपी तीच, जंतू तोच. मग खरं कोण? माझ्या मते दोघंही, कारण दोघांनी एकच गोष्ट मोजलेली नाही. लस उतरते म्हणजे अंगातलं काहीतरी कमी होतं, एवढंच आपण धरून चालतो. पण कागदावर जी घट दिसते तिच्यात थोडी शरीरातली असते, थोडी गावातल्या पाण्याची आणि थोडी मोजण्याच्या पद्धतीची. हा गुंता सोडवण्याची हत्यारं संख्याशास्त्राकडे आहेत, चांगली पारखलेली आहेत. ती चालवायला जी साधी माहिती लागते, म्हणजे कोणत्या मुलाला कोणती लस कोणत्या तारखेला दिली, तीच आपण धड जपत नाही. माझी तक्रार ती आहे.

मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी तीसेक वर्षं पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, मुलांना संख्याशास्त्र शिकवलं. त्यातल्या बहुतेकांना तो पास होण्यापुरता विषय वाटायचा. आता नेरूळला असते. नवी मुंबईकरांना टायफॉइडच्या लसीचा हिशेब परका नाही. २०१८ च्या पावसाळ्यात महापालिकेने नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना हीच लस मोहीम काढून दिली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस देणारं हे जगातलं पहिलं शहर. निम्मे विभाग चिठ्ठ्या टाकून आधी निवडले आणि लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. उरलेल्या विभागांचा टप्पा कोविडमुळे लांबला. लस मिळालेल्या विभागांत मुलांचा टायफॉइड बाकीच्या विभागांच्या तुलनेत निम्म्याहून जास्त घटला, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं. ती मुलं आता सात-आठ वर्षांनी मोठी झाली आहेत.

आमच्या मजल्यावरची एक आई मध्यंतरी मुलीची फाइल घेऊन आली. “काकू, हिला महापालिकेच्या मोहिमेत टायफॉइडची लस दिली होती, पहिलीत असताना. आता आठवीत गेली. अजून चालेल ना ती?” फाइल उघडली तर त्यात एक नव्हे, दोन नोंदी. एक मोहिमेच्या कागदाची. दुसरी त्याच्या आधीची, खासगी दवाखान्यातली: कुपीवरून सोलून चिकटवलेलं लेबल आणि शेजारी बॉलपेनने घातलेली तारीख, पाणी लागून पसरलेली. ही पहिली लस जुन्या प्रकारची होती, दोन वर्षांपुढच्या मुलांना देतात आणि दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते ती. आईच्या लेखी दोन्ही ‘टायफॉइडची लस’. तिचं काही चुकलं नाही, तिला तसंच सांगितलेलं असणार. पण मला उत्तर द्यायचं तर कोणती, कधी, आणि तेव्हा मुलीचं वय काय, हे तिन्ही लागतं.

आता हिशेबाकडे येऊ. लसीचं संरक्षण काढायची रीत शाळेतल्या गणिताची आहे. लस न घेतलेल्या हजार मुलांत वर्षभरात २० आजारी पडली आणि लस घेतलेल्या हजारांत ४, तर २० पैकी १६ आजार टळले, म्हणून संरक्षण ८० टक्के. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण सुरू होतं ते ‘वर्षभरात’ या शब्दाच्या जागी ‘पाच वर्षांत’ आलं की.

उदाहरणाला मनचेच आकडे घेते. लस न घेतलेल्या गटात दर वर्षी २० मुलं आजारी पडतात. लस घेतलेल्या गटात पहिल्या वर्षी २, मग ४, ७, १० आणि पाचव्या वर्षी १२. पाच वर्षांची बेरीज: तिकडे १००, इकडे ३५. बातमीचा मथळा तयार: ‘पाच वर्षांत ६५ टक्के संरक्षण’. एक आकडाही खोटा नाही. पण पाचव्या वर्षात उभ्या असलेल्या मुलाचं संरक्षण आहे ४० टक्के, कारण २० च्या जागी १२. फलंदाजाची कारकिर्दीतली सरासरी पाहून तो आज कसा खेळेल हे सांगण्यातला हा प्रकार आहे. बूस्टर द्यायचा की नाही हे पाचव्या वर्षाच्या आकड्यावर ठरायला हवं, आणि छापून येते बेरीज. मलावीच्या संशोधकांनी बेरीज देऊन शिवाय वर्षागणिक घट वेगळी काढली, म्हणून तो निकाल मला भरवशाचा वाटतो.

पण वर्षं वेगळी काढली की सगळं स्वच्छ दिसतं असंही नाही. इथे एक चकवा आहे आणि तो मला फार आवडतो. वर्गातली झोपाळू पोरंसुद्धा यावर जागी व्हायची.

दोन वस्त्या घ्या. दोन्हींत दोनशे-दोनशे मुलं गटाराला लागून गेलेल्या नळाचं पाणी पितात. लस नसेल तर अशा मुलाला वर्षभरात टायफॉइड होण्याची शक्यता निम्मी, आणि एकदा झालेला पुन्हा होत नाही असं धरू. बिनालसीच्या वस्तीत पहिल्या वर्षी १०० मुलं आजारी पडतील. उरली १००, त्यातली ५० दुसऱ्या वर्षी, मग २५. दुसऱ्या वस्तीत अशी लस दिली जी प्रत्येक मुलाचा धोका निम्मा करते आणि कधीच उतरत नाही. तिथे पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी उरलेल्या दीडशेतली ३७-३८, तिसऱ्या वर्षी २८. आता वर्षवार ताडून बघा. पहिल्या वर्षी ५० टक्के संरक्षण, दुसऱ्या वर्षी २५, आणि तिसऱ्या वर्षी लस घेतलेल्या वस्तीत आजारी मुलं जास्त! लस तसूभरही उतरलेली नाही. झालं इतकंच की बिनालसीच्या वस्तीत आजारी पडू शकणारी मुलं आधीच आजारी पडून संपली, आणि लसीच्या वस्तीत अजून शिल्लक आहेत.

तीच ५० टक्क्यांची लस वेगळ्या रीतीने काम करत असती तर? म्हणजे दोनशेतल्या शंभरांना कायमचं पूर्ण संरक्षण आणि उरलेल्या शंभरांना काहीच नाही. मग त्या वस्तीत ५०, २५, १२ असे आजारी पडतील आणि दर वर्षी संरक्षण ५० टक्केच दिसेल. लस सगळ्यांना थोडीथोडी लागू पडते की थोड्यांना पूर्ण, यावर घटीचा आलेख अवलंबून असतो. लंडनच्या स्मिथ, रॉड्रिग्ज आणि फाइन यांनी १९८४ मध्येच हा भेद मांडला. बातम्यांत तो अजून पोचलेला नाही.

हा खेळ कागदावरचा नव्हे. केनियातल्या किलिफी इथे मलेरियाच्या आरटीएस,एस या लसीवर सात वर्षं लक्ष ठेवलं. निकाल २०१६ मध्ये आला. पहिल्या वर्षी मलेरिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला, सात वर्षांची गोळाबेरीज मात्र ४.४ टक्के. आणि जिथे डासांचा मारा जास्त होता त्या मुलांत पाचव्या वर्षीचं संरक्षण शून्याखाली, उणे ४३.५ टक्के. भडक मथळा हवा असेल तर यासारखं खाद्य नाही. पण बिनालसीची मुलं वर्षानुवर्षं मलेरिया सोसून स्वतःची थोडी ताकद कमावतात आणि लसीच्या मुलांची ती कमाई लांबते, हे ध्यानात घेतलं तर उणे आकड्याचा बराचसा अर्थ लागतो. लसीच्या बाजूने एवढंच बोलून थांबणं मात्र अप्रामाणिक होईल: लसीचा जोरही भराभर ओसरत होता. दोन्ही कारणं एकाच आकड्यात मिसळलेली असतात. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती आर-२१ ही मलेरियाची नवी लस आता आफ्रिकेत चालली आहे. तिचे पहिल्या वर्षाचे आकडे ६८ आणि ७५ टक्के, प्रदेशाप्रमाणे. पुण्याला अभिमान वाटावा असंच काम आहे ते. मी मात्र तिच्या पाचव्या वर्षाची वाट बघते आहे.

आता ढाका. तिथे दुसरी पंचाईत होती. चाचणीत निम्म्या भागांतल्या मुलांना टायफॉइडची आणि निम्म्यांतल्यांना जपानी मेंदूज्वराची लस दिली होती. टायफॉइडची लस गुणकारी ठरल्यावर दुसऱ्या गटाला ती न देणं हा अन्याय झाला असता, म्हणून २०२१ मध्ये त्यांनाही दिली. योग्यच केलं. पण त्या दिवसापासून बिनालसीचा गट संपला. तुलना करायची कुणाशी?

यावरची युक्ती कोविडच्या काळात अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांनी नीट बांधून दिली: जुने लसवाले आणि ताजे लसवाले यांची आपसात तुलना. दोघंही एकाच शहरात, एकाच हंगामात, एकच पाणी पितात. फरक फक्त लसीच्या तारखेचा. मॉडर्नाच्या चाचणीत २०२१ च्या उन्हाळ्यात असं करून पाहिलं तेव्हा आधी लस घेतलेल्यांत दर हजार माणसांमागे वर्षाला ७७ जण आणि उशिरा घेतलेल्यांत ४९ जण आजारी पडत होते. ढाक्यात जुन्या लसवाल्या मुलांचा धोका ताज्या लसवाल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. ताज्या लसीचं संरक्षण ८५ धरलं तर धोका उरतो १५. त्याची तिप्पट ४५. म्हणजे संरक्षण ५५ च्या आसपास. संशोधकांनी बाकीच्या दुरुस्त्या करून ५० काढलं. पण त्या ५० च्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा पट्टा आहे, शून्याखालून ते ७८ पर्यंत. मलावीचा ७८ या पट्ट्याच्या वरच्या काठावर बसतो. शिवाय ताजी लस घेतलेली ढाक्याची मुलं आधी दोन-तीन वर्षं लसीविना राहिली होती. त्यातल्या काहींनी जंतूशी गाठ पडून स्वतःची ताकद कमावली असणार, म्हणजे त्यांचा कमी धोका सगळा लसीच्या खात्यावर जमा करता येत नाही. मलावीत बिनालसीचा गट शेवटपर्यंत टिकला होता. त्यामुळे ‘ढाक्यात लस निम्मी झाली’ हे वाक्य मी तरी लिहिणार नाही. ढाक्यात, विशेषतः दोन वर्षांच्या आत लस मिळालेल्या बाळांत, संरक्षण बरंच घटलं असावं, हे लिहीन. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ ही लस सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला एकदाच देतात, म्हणून ते वाक्य आपल्या कामाचं आहे.

मजा अशी की या सगळ्या वादाचं मूळ टायफॉइडच आहे, आणि बरंचसं हिंदुस्थानातलं. ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञ आल्मरोथ राइट १८९८ मध्ये प्लेग कमिशनबरोबर इथे आला आणि त्याने हजारो गोऱ्या शिपायांना आपली टायफॉइडची लस टोचली. १९०४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने ते आकडे तपासून शंका काढली: आपण होऊन लस घेणारा शिपाई मुळातच जपून राहणारा असेल तर? राइट भडकला, दोघांची जाहीर जुंपली. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लसींवर निबंध लिहून तुलनेच्या अटी घालून दिल्या. दोन्ही गट सारखे हवेत, दोघांना जंतू सारखाच भेटायला हवा, आणि आजार ठरवताना लस घेतली की नाही याचा प्रभाव पडता कामा नये. त्याही आधी परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या हाफकिन यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याची लस दिलेल्या घरांचा हिशेब दिवसांप्रमाणे तोडून मांडला होता: पहिले काही दिवस वेगळे, मग वर्षभराचा भरीचा काळ वेगळा, मग उतरणीचा वेगळा. संगणक नव्हता, पण प्रत्येक घराची तारीख होती.

नंतरची हत्यारं या अटींवरच उभी आहेत. डेव्हिड कॉक्स यांची १९७२ ची पद्धत दोन गटांच्या धोक्याचं गुणोत्तर कायम राहतं असं धरते. लसीच्या बाबतीत नेमकं तेच धरता येत नाही, म्हणून ते गुणोत्तर काळाप्रमाणे वाकू द्यायचं. बांगलादेशातल्या मतलबच्या १९८५ च्या कॉलरा लस चाचणीचे आकडे घेऊन लाँगिनी, हॅलोरन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असा वाकणारा आलेख काढून दाखवला.

ग्रीनवुड-यूल यांच्या तिसऱ्या अटीतलं आजार ठरवणंच आपल्याकडे रोज चुकतं. कारण विडाल ही रक्ततपासणी. ताप चार दिवस हटला नाही की रक्त जातं, ‘विडाल पॉझिटिव्ह’ असा कागद येतो आणि घरभर जाहीर होतं की टायफॉइड निघाला. एकाच वेळी घेतलेल्या विडालवर टायफॉइड ठरवणं कच्चं, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. लसीच्या हिशेबात त्याने काय होतं बघा. लस नसलेल्यांत खरे टायफॉइड १००, लसवाल्यांत २०: संरक्षण ८०. आता दोन्हीकडे शंभर-शंभर खोटे पॉझिटिव्ह मिसळा. २०० आणि १२०: संरक्षण ४०. पाणी सुधारून खरा टायफॉइड कमी झाला आणि विडाल तेवढीच पॉझिटिव्ह येत राहिली, तर लस दर वर्षी उतरताना दिसेल, कुणाच्याही अंगात काहीही न बदलता. रक्ताचं कल्चर केलं तर शंभरातले साठेक रुग्ण सापडतात, बाकी सुटतात. पण दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात सुटले तर गुणोत्तराला धक्का लागत नाही. खोटे घुसले की लागतो.

कल्चर असेल तर मोठी चाचणी न मांडताही घट मोजता येते. तापाने रुग्णालयात आलेल्या सगळ्या मुलांचं कल्चर करायचं. जंतू उगवलेली एका बाजूला, न उगवलेली दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे लस किती वर्षांपूर्वीची हे विचारायचं. दोन्ही गट त्याच दारातून आत आलेले असतात, त्यामुळे ‘जपून राहणारा शिपाई’ ही पिअर्सनची अडचणही बरीच सुटते.

कोविडमध्ये हे करण्याची संधी आपल्याकडे जगात सर्वांत मोठी होती. कोविनवर प्रत्येक डोसची तारीख होती. सप्टेंबर २०२१ मध्ये कोविन आणि तपासणीची नोंद जोडून सरकारने आकडे दिले: मृत्यूपासून संरक्षण एका डोसने ९६.६ टक्के, दोन डोसनी ९७.५. चांगले आकडे होते. पण काळ कुठे? फायझरच्या चाचणीचे आकडे तोवर दोन-दोन महिन्यांचे तुकडे पाडून आले होते: ९६, ९०, ८४. इस्रायलने साठीपुढच्या लोकांत जानेवारीत लस पूर्ण झालेल्यांना मार्चमध्ये पूर्ण झालेल्यांपेक्षा जुलैत १.६ पट लागण होते, हे दाखवून बूस्टरचा निर्णय मांडला. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये खबरदारीचा डोस नऊ महिन्यांनी ठरला आणि त्याच वर्षी जुलैत तो सहा महिन्यांवर आला. नवाचे सहा ज्या आलेखावरून झाले तो आलेख पेपर वाचणाऱ्या माणसापुढे ठेवायला हवा होता. लोक घाबरतील ही सबब मला पटत नाही. लस घेऊनही आजारी पडलेला माणूस घरोघरी होता. त्याला कारण कुणी सांगितलं नाही, म्हणून ते व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं.

शेजारच्या त्या आईला मी सांगितलं की मोहिमेतली लस मुलगी सहा वर्षांची असताना मिळाली, बाळपणी नव्हे, ते बरं झालं. काही संरक्षण शिल्लक असणार, पण पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. बूस्टरचं डॉक्टरांना विचार, फाइल दाखवून विचार. आणि ताप लांबला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरला रक्त दे. याहून नेमकं सांगायला नवी मुंबईच्या मुलांचा वर्षवार आलेख लागतो. तो काढायला हे शहर देशात सर्वांत सोयीचं आहे. लस कुठल्या विभागात कुठल्या महिन्यात दिली ते ठाऊक आहे, आणि विभाग चिठ्ठ्या टाकून निवडलेले आहेत. वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांत लांबलेल्या तापाच्या प्रत्येक मुलाचं कल्चर व्हावं, आणि त्याची लसीची तारीख मोहिमेच्या यादीशी ताडली जावी. आता बाळांच्या डोसची नोंद यू-विन या सरकारी पोर्टलवर होते. खासगी दवाखान्यात दिलेली टायफॉइडची लसही, नावासकट, तिथे चढवणं सक्तीचं करावं. आणि केसपेपरवर ‘लस घेतली: होय/नाही’ असं जिथे जिथे छापलेलं असेल, तिथे पुढच्या छपाईत ‘कोणती, कोणत्या तारखेला’ असा रकाना घालावा. छपाईचा खर्च तेवढाच येतो.